घरचं पिल्लू, भाकरीचा तुकडा आणि पोटातली चौदा इंजेक्शनं

"डॉक्टर, घरचंच पिल्लू आहे. खेळता खेळता दात लागला. इंजेक्शन घ्यायलाच पाहिजे का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. सोबत घरातलं कुणी वडीलधारं असेल तर ते हमखास पुढे जोडतात, "आमच्या वेळी पोटात चौदा घ्यावी लागायची." ती चौदा इंजेक्शनं बंद होऊन दोन दशकं उलटली, पण त्यांची भीती गावात अजून जिवंत आहे. त्या भीतीपायी लोक दवाखान्यात यायला उशीर करतात. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. कुत्र्याला आपण घास कसा घालत आलो, त्याला घाबरत कसे आलो आणि त्यात औषधशास्त्राने काय केलं, याचा.

घासापासून सुरुवात करू. आपल्याकडे जेवणाआधी गाय, कुत्रा आणि कावळा यांच्यासाठी अन्न बाजूला काढायची प्रथा जुनी आहे. त्यातला कुत्र्याचा वाटा म्हणजे श्वानबली. आजही कित्येक घरांत शेवटची पोळी कुत्र्याची असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबासोबत कुत्रा, आणि खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. त्यांच्या हातातल्या लाकडी भांड्याला कोटंबा म्हणतात. त्यात भाविक नैवेद्य घालतात. नामदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपल्या संस्कृतीत कुत्र्याबद्दल माया आहे, पण तो बहुतेक वेळा उंबऱ्याबाहेरचा. घास त्याला मिळतो, पण मालक मिळेलच असं नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुत्रा मूळचा मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचते, असंही लोक विचारतात. याचं उत्तर २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. स्वीडनच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणारं एक पाचकद्रव्य असतं, अमायलेज. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसाने शेती सुरू केली, धान्य शिजवलं, आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटही बदललं. आपल्याकडच्या ज्वारीच्या भाकरीवर कुत्री जगतात ती त्यामुळे. मात्र जगतात म्हणजे नुसत्या भाकरीवर धडधाकट वाढतात असं नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

आता भीतीकडे वळू. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात त्याचं वर्णन आहे. चावलेला माणूस पाण्याला, पाण्याच्या नुसत्या आवाजालाही घाबरू लागला की तो वाचत नाही, असं तिथे सांगितलं आहे. त्या वैद्यांचं निरीक्षण इतकं अचूक होतं की आज आधुनिक अतिदक्षता विभाग हाताशी असूनही मला त्यात फारसं काही बदलता येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जगाच्या पाठीवर वाचलेली माणसं बोटांवर मोजता येतील इतकीच. जे काही करायचं ते लक्षणं दिसण्याआधी.

भीतीपोटी माणसांनी काय केलं? मारलं. इंग्रजांच्या काळात मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा सरकारी शिरस्ता होता आणि दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या आशेने शिपाई घरांच्या आवारातली पाळीव कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. अंत्यविधीतही त्याचं काम असतं. जून १८३२ मध्ये पारशी समाजाने याविरुद्ध उठाव केला, इतर लोकही सामील झाले, दुकानं बंद पडली आणि इंग्रजांच्या लष्कराला रस्त्यावर यावं लागलं. मुंबईच्या दंगलींच्या इतिहासात ही कुत्र्यांवरून झालेली दंगल म्हणून नोंदली गेली आहे. प्रश्न जुना आहे आणि तापट आहे, एवढंच यातून घ्या. आजही सोसायट्यांच्या बैठकांत तो तितकाच तापतो.

मग ६ जुलै १८८५ हा दिवस आला. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्याकडे नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन त्याची आई आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत, त्यामुळे सुई टोचायचं काम दुसऱ्या डॉक्टरांनी केलं. रेबीज झालेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून त्यातला विषाणू दुबळा केला होता. सुरुवात सर्वांत दुबळ्या डोसाने आणि मग चढत्या क्रमाने अशी तेरा इंजेक्शनं दिली गेली. मुलगा वाचला.

हे का जमलं ते समजून घ्या, कारण आजची सगळी उपचारपद्धती त्यावरच उभी आहे. चाव्यातून शिरलेला विषाणू रक्तातून नाही, मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो, आणि तोही सावकाश. त्याला पोहोचायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्या अवधीत लसीने शरीराची प्रतिकारशक्ती तयार झाली तर विषाणू वाटेतच संपतो. चावा डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर वाट जवळची किंवा मज्जातंतूंनी गच्च भरलेली असते, म्हणून तिथले चावे जास्त धोक्याचे. लहान मुलांना नेमके तिथेच चावे बसतात, कारण कुत्र्याचं तोंड आणि त्यांचं तोंड एका उंचीवर येतं.

भारतात पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट १९०० साली कसौलीला, हिमालयाच्या पायथ्याशी, सुरू झाली. दक्षिणेतली कुन्नूरची १९०७ साली. तोवर ज्याला परवडेल तो पॅरिसला जाई, म्हणजे मुख्यतः गोरे लोक. वर्ध्या-हिंगणघाटच्या शेतकऱ्याला पॅरिस काय आणि कसौली काय, दोन्ही सारखेच लांब. हे अंतर कमी केलं डेव्हिड सेंपल यांनी. कसौलीत त्यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू फिनॉलने मारून लस बनवली. ही लस बाटल्यांत भरून दूरवर पाठवता येऊ लागली. रुग्ण लसीकडे जायचा, तो आता लस रुग्णाकडे येऊ लागली.

पोटातली चौदा इंजेक्शनं ती हीच. लसीचं प्रमाण मोठं होतं, एवढं औषध कातडीखाली जिरवायला पोटासारखी ऐसपैस जागा दुसरी नाही, आणि रोज एक सुई. दुखायचं, सूज यायची, मजुरी बुडायची. त्याहून वाईट म्हणजे त्यात मेंढीच्या मेंदूचा अंश असल्यामुळे काही लोकांच्या स्वतःच्या मज्जासंस्थेवर शरीर उलटायचं आणि लकवा व्हायचा. म्हणजे तुमच्या आजोबांची भीती खोटी नव्हती. तरीही त्या लसीने नव्वदेक वर्षं असंख्य माणसं वाचवली, हेही विसरू नका. २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादन बंद झालं. आता पेशींवर वाढवलेली शुद्ध लस मिळते, ती दंडात देतात. स्नायूत दिली तर पाच भेटी, कातडीच्या थरात दिली तर चार. कातडीच्या थरातल्या पद्धतीला २००६ साली भारतात परवानगी मिळाली. तिला लस अगदी थोडी लागते, त्यामुळे एका कुपीत अनेक जणांचं काम होतं. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते.

आता वर्ध्याशी नातं असलेल्या एका माणसाकडे येतो. गांधीजी सेगावला राहायला आले १९३६ मध्ये. पुढे १९४० साली त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली ते साबरमतीला असताना अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात फिरणारी साठ भटकी कुत्री मारवली. गावात गहजब झाला. जीवदया मंडळींनी गांधीजींना जाब विचारला. अहिंसेच्या या पुजाऱ्याने म्हणावं काय, तर दुसरा इलाज दिसत नाही! मग 'यंग इंडिया'त त्यांनी या विषयावर लेखमालाच लिहिली. रागावलेल्या पत्रांचा पाऊस पडला आणि ते एकेकाला उत्तर देत राहिले. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलचे आकडेही त्यांनी छापले. कुत्रा चावल्याबद्दल उपचार घेतलेले लोक १९२५ मध्ये १११७, आणि १९२६ च्या पहिल्या नऊ महिन्यांत ९९०. एका शहरातल्या एका इस्पितळाचे हे आकडे आहेत.

मारण्याच्या मुद्द्यावर लोक अडकले, पण मला त्या लेखमालेत महत्त्वाचा वाटतो तो दुसराच मुद्दा. गांधीजींचं म्हणणं साधारण असं होतं की रस्त्यावर बेवारस कुत्री असणं ही त्या समाजाच्या दयेची नाही, तर बेपर्वाईची खूण आहे. येता-जाता तुकडा फेकून पुण्य मिळवणं सोपं. खरी दया असेल तर कुत्रं पाळा, त्याची सगळी जबाबदारी घ्या, किंवा ती घेणारी संस्था चालवायला पैसे द्या. श्वानबलीच्या परंपरेला हा चांगलाच चिमटा होता.

कुत्री मारण्याबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि यात माझा शहाणपणा काही नाही. शंभर वर्षांचा अनुभव आपल्यापाशी आहे, तो त्यांच्यापाशी नव्हता. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरून नवी येतात, तीही लस न घेतलेली. कुत्र्यांनाच लस देऊन रोगाची साखळी तोडायची कल्पना त्या वेळी जगात नुकती रुजत होती. जपानने १९२० च्या दशकात कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात केली, १९५० साली नोंदणी आणि लस यांचा कायदा केला आणि १९५७ नंतर तिथला रेबीज संपला. आपल्या शेजारी गोव्यात गेल्या दशकात घरोघर, गल्लोगल्ली फिरून सत्तर टक्के कुत्र्यांना लस द्यायचा कार्यक्रम राबवला गेला. २०१४ मध्ये तिथे पंधरा माणसं रेबीजने गेली होती. २०१८ आणि २०१९ मध्ये एकही नाही. म्हणजे हे जमतं. देशाचा आकडा मात्र अजून लाजिरवाणा आहे. आयसीएमआरच्या अलीकडच्या पाहणीनुसार भारतात दरवर्षी सुमारे ५७०० माणसं रेबीजने मरतात.

घास आणि जबाबदारी यांचा संबंध दाखवणारी एक दूरदेशची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या खेड्यांना तंतोतंत लागू आहे. आइसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात लोकांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या मोठमोठ्या गाठी व्हायच्या. या रोगाला आम्ही हायडॅटिड म्हणतो. हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ १८६३ मध्ये तिथे गेला. त्याने शंभर कुत्र्यांची आतडी तपासली तर अठ्ठावीस कुत्र्यांत एक तांदळाच्या दाण्याएवढा फीतकृमी सापडला. साखळी अशी: मेंढी कापली की आतला गाठाळलेला भाग लोक कुत्र्याला टाकत. गाठीतून कुत्र्याच्या पोटात कृमी वाढत. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, केसांवर आणि तिथून माणसाच्या हातावर व पोटात. पुढच्याच वर्षी याबद्दलची छोटी पुस्तिका छापून आइसलंडमध्ये फुकट वाटली गेली. लोक वाचणारे होते, थंडीच्या लांब रात्री होत्या, त्यांनी वाचली आणि मानली. पुढे कायदेही झाले. गाठी जाळायच्या नाहीतर खोल पुरायच्या, कुत्र्याला द्यायच्या नाहीत. रोग हळूहळू नाहीसा झाला. त्या काळी त्यावर गुणकारी गोळीही नव्हती. केवळ कुत्र्याला काय खाऊ घालायचं नाही, एवढ्या एका गोष्टीने हे साधलं.

आपल्याकडे रविवारी किंवा सणाला बोकड कापला की आतडी-फुप्फुसं कुत्र्यांपुढे टाकतात. आजही सोनोग्राफीत यकृताची अशी गाठ निघते आणि रुग्णाला शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नका. द्यायचंच तर चांगलं शिजवून. आणि कुत्र्याला जंताचं औषध वर्षातून चार वेळा द्या.

पिल्लांच्या बाबतीत जंताचं औषध तर पहिल्या महिन्यापासून लागतं. एका जातीचे गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं की लोकांना वाटतं बाळसं धरलं! तेच जंत अंगणात माती चिवडणाऱ्या लहान मुलाच्या पोटात गेले तर डोळ्यापर्यंत पोहोचू शकतात. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की औषध सुरू, पुढे दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत. डोस पशुवैद्यांना वजन सांगून विचारा.

खाण्याचं म्हणाल तर सगळ्यात मोठी गडबड दुधाची. आई नसलेलं डोळे न उघडलेलं पिल्लू कुणीतरी उचलून आणतं आणि त्याला गाईचं पाणी घातलेलं दूध पाजतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. पातळ दुधावर पिल्लू उपाशीच राहतं आणि वर जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूध-पावडर मिळते, ती वापरा. पाजताना पिल्लू पोटावर पालथं ठेवा. आपल्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. आणि त्याला ऊब हवी, भुकेच्या आधी ऊब. शक्य असेल तर आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडूच नका.

तीन-चार आठवड्यांनंतर मऊ अन्न सुरू करता येतं. भाकरी किंवा भात कुस्करून, त्यात उकडलेलं अंडं, बिनमिठाचं वरण, थोडं दही, हाडं काढलेलं शिजवलेलं चिकन. वाढत्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मोठ्याला दोन वेळा. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, हे पशुवैद्य रोज पाहतात. आपली तिखट सावजी भाजी, ठेचा लावलेली भाकर त्याच्या ताटात नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंड बिघडतं, चॉकलेट हृदयावर परिणाम करतं. शिजवलेलं हाड मोडलं की त्याच्या सुया होतात. आणि आपलं वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. सावली आणि पाण्याचं भांडं हे जेवणाइतकंच महत्त्वाचं. पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधून शेतावर जाऊ नका.

लसींबद्दल. रक्ताची हगवण लागून पिल्लं पटापट मरतात, तो रोग म्हणजे पार्व्हो. हा रोग तसा नवा आहे. १९७८ च्या सुमारास हा विषाणू प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्याची आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते. बोर अभयारण्याच्या आसपासच्या गावांतल्या वाचकांनी डिस्टेंपरकडे विशेष लक्ष द्यावं. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत जवळपास एक तृतीयांश सिंह या रोगाने मेले होते आणि संशयाचं बोट आसपासच्या गावकुत्र्यांकडे गेलं होतं. वाघालाही हा रोग होतो. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की, मग वर्षाने, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी नियमित.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, घ्यायलाच पाहिजे. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लस झालेली नसते, आणि त्याची आई किंवा भावंडं कुणाच्या संपर्कात आली हे तुम्हाला माहीत नसतं. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज होत नाही, हा समज चुकीचा आहे. दात लागून नुसतं खरचटलं, रक्त आलं नाही, तरी लस लागते. सगळ्यात आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. साबणाने विषाणूचं बाहेरचं आवरण फुटतं, आणि यात एक पैसा खर्च नाही. तिखट, चुना, हळद, कॉफी काही लावू नका. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, कारण लसीचा असर सुरू व्हायला आठवडाभर जातो आणि तोवर पहारा द्यायला कुणीतरी हवं.

कुत्रं घरचं असेल तर त्याला मारू नका, हाकलूनही देऊ नका. दहा दिवस बांधून ठेवा, खाऊ-पिऊ घाला आणि बघत राहा. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते दहा दिवसांत आजारी पडून मरतं. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर त्या चाव्यातून रेबीज नाही. पण लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहाव्या दिवसाची वाट बघायची नाही. पुढचे डोस कमी करायचे का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पूर्ण कोर्स झाल्यावर कार्ड फेकू नका. पुन्हा कधी चावा झाला तर ते कार्ड दाखवलं की दोनच भेटींत, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीच्या डोसात, काम होतं आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा, तिथे ते हरवत नाही.